डेक्स्टर, पॉवरपफ गर्ल्स आणि फ्रेड सायबर्ट : एक खुलासा

‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी, पॉवरपफ गर्ल्स आणि जॉनी ब्राव्हो ही तिन्ही कार्टून्स फ्रेड सायबर्ट या एकाच माणसाने तयार केली’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

डेक्स्टर गेंडी टार्टाकोव्हस्की यांचा, पॉवरपफ गर्ल्स क्रेग मॅक्रॅकन यांच्या आणि जॉनी ब्राव्हो व्हॅन पार्टिबल यांचा. तिघांच्याही कल्पना विद्यार्थिदशेतल्या फिल्म्समधून वाढल्या. ज्यांनी ही पात्रं कागदावर जन्माला घातली त्यांचंच नाव गळावं, याचं वाईट वाटतं.

म्हणून सायबर्ट यांचं काम लहान ठरत नाही. एमटीव्हीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी वाहिनीची ओळख घडवली. 1992 मध्ये ते हॅना-बार्बेरा या कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओचे अध्यक्ष झाले, तेव्हा कार्टून बनवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. तरी जुन्याच पात्रांच्या नव्या मालिका काढत बसण्याऐवजी त्यांनी सुमारे सात मिनिटांच्या 48 स्वतंत्र लघुपटांची योजना आखली : ‘व्हॉट अ कार्टून!’. चित्रकाराने स्टोरीबोर्ड (गोष्टीची क्रमाने काढलेली चित्रं) घेऊन यावं, गोष्ट रंगवून सांगावी, पसंत पडली तर स्वतःच दिग्दर्शित करावी. पटकथेपेक्षा चित्रांतून विनोद जोखायची ही रीत माझ्या मते त्यांचं खरं श्रेय आहे. 1995 पासून हे लघुपट कार्टून नेटवर्कवर दिसू लागले आणि त्यांतूनच वरच्या तिन्ही मालिका निघाल्या. ‘काऊ अँड चिकन’ आणि ‘करेज’सुद्धा.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ‘निर्माते’ऐवजी ‘संधी देणारे’ लिहा आणि तिघांची नावं जोडा.