आज्जीला साक्षीला ओढू नका

माझी आज्जी गेल्याचं कळल्यावर इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या मराठी ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज आले. त्यातच एकानं लिहिलं, ‘अशा माणसांमुळे धर्म टिकला, आता आपण जागं व्हायला हवं.’ मग श्रद्धांजली राहिली बाजूला. देवीला अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी, तिच्या गाभाऱ्यात बायकांनी जावं का, ‘त्यांच्याशी’ म्हणजे मुसलमानांशी व्यवहार ठेवावा का, असे कोल्हापूरचे सगळे वाद निघाले आणि प्रत्येक बाजूनं आज्जीचं नाव घेतलं. ते मला सहन होत नाही.

मंगळवार पेठेतल्या आज्जीचा अंबाबाईचा शुक्रवार कधी चुकला नाही. नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी असायची. आषाढात नदीचं नवं पाणी घेऊन पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या गजरात टेंबलाईदेवीच्या टेकडीला चालत जायची. आणि मोहरमला बाबूजमाल दर्ग्याला ऊद-नारळ घेऊन जायची. त्या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. लहानपणी मी विचारलं होतं, ‘आज्जी, हा आपला देव न्हाई न्हवं?’ ती म्हणाली, ‘शेजाऱ्याचा हाय. शेजाऱ्याकडं जात न्हाईस व्हय तू?’

गाभाऱ्याचं सांगते. पुरुष सोवळं नेसून आत जात आणि आज्जीनं आयुष्यभर पितळी उंबऱ्याबाहेरून दर्शन घेतलं. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं १९५६ चा मंदिर प्रवेशाचा कायदा राबवायला सांगितलं आणि त्याच महिन्यात कोल्हापुरातही वातावरण तापलं. मी फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला हितनं दिसती की गं. पण ज्यास्नी जायचंय त्यास्नी आडवू नये.’ आमच्या नात्यातले लोक यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगतात. तिनं तक्रार केली नाही म्हणून बंदी योग्य ठरत नाही. तिचा सोशिकपणा तिचा स्वतःचा होता, दुसऱ्या बाईला अडवायला तो वापरायचा नाही.

जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात हिंदू-मुस्लीम तणाव होऊन दगडफेक झाली. शाहू महाराजांच्या गावात हे व्हावं, याचं दुःख अजून जात नाही. तिथं इंटरनेट बंद होतं, इथं आमचा ग्रुप मात्र रात्रभर चालू होता. ‘धडा शिकवा’ म्हणणाऱ्यांपैकी कुणाचंही दुकान तिथल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेत नव्हतं, कुणाचं पोर त्या दिवशी शाळेतून घरी यायचं नव्हतं.

आणि आम्ही इथं राहतो कसे? आमचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसतो. तिथले पाद्रीबाबा स्वतः खुर्च्या लावून देतात. नोकरीत धर्मावरून भेदभाव झाला तर २०१० चा समानता कायदा आमच्या पाठीशी आहे, आणि तो आम्हाला हक्कानं हवा असतो. तो हवाच. पण ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये अफवांवरून दंगली उसळल्या, मशिदींवर हल्ले झाले, तेव्हा याच ग्रुपवर ‘मुलांना एकटं बाहेर पाठवू नका’ असे मेसेज फिरत होते. रस्त्यावरचा जमाव आमची जात-धर्म विचारत बसणार नाही, हे सगळ्यांना त्या आठवड्यात बरोबर कळलं होतं. अल्पसंख्य म्हणून जगण्याची भीती ज्यांनी स्वतः चाखली, त्यांनी ती गावाकडच्या शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवावी, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

‘परिस्थिती बदललीय, आज्जीच्या काळासारखं आता चालत नाही,’ असं मला ऐकवतात. आज्जीचा काळ काही सोपा नव्हता. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापुरात घरं जळली, ती तिनं पाहिली होती. शेजारधर्म तिनं त्यानंतर पाळला.

आता इथल्या आमच्या मंडळाला तिच्या नावानं धर्मरक्षणावर व्याख्यान ठेवायचं आहे. मी नाही म्हणून कळवलं आहे. तिची आठवण काढायचीच असेल तर गल्लीतल्या मुसलमान चाचींना व्हिडिओवर बोलवा. शेवटच्या आजारपणात त्या तिच्या उशाशी बसायच्या आणि तिची सगळी देवीची गाणी त्यांना पाठ आहेत.