गोधडीच्या खुणा आणि विल्यम स्टिलचं रजिस्टर

इकडे अमेरिकेत फेब्रुवारी आला की शाळांमधून अंडरग्राउंड रेलरोडच्या, म्हणजे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या माणसांच्या आणि घरांच्या गुप्त साखळीच्या, गोष्टी सुरू होतात. गुलामगिरीतून पळालेली मुलगी, रात्रीचं जंगल, ध्रुवतारा, मागावर कुत्रे, आणि वाटेतल्या घरांबाहेर वाळत घातलेल्या गोधड्या ज्यांच्या नक्षीत पुढचा रस्ता लपवलेला. माझ्या लेकीच्या वर्गात यंदा अशीच एक कादंबरी वाचली आणि मग सगळ्यांनी रंगीत कागदाचे चौकोन कापून भिंतीवर गोधडी केली. मुलं खूश. मला मात्र हे फार खटकतंय, आणि न्यू जर्सीत आपली इतकी मुलं शिकतायत म्हणून लिहितेय.

एक तर त्या गोधडीच्या खुणांना त्या काळातला पुरावाच नाहीये. हॅरिएट टबमन असो की फ्रेडरिक डग्लस, दोघंही स्वतः गुलामगिरीतून पळालेले, पण त्यांच्या कहाण्यांत कुठे त्या येत नाहीत. १९९० च्या दशकातल्या पुस्तकांनी ही कल्पना पसरवली आणि ती थेट वर्कशीटवर जाऊन बसली. लेखकाने कल्पना लढवावीच, पण वर्गात ती इतिहास म्हणून गिरवून घेताना शिक्षकांनी थांबून सांगायला नको?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. पळाली, पोचली, संपलं! मागे कोण राहिलं हे कुणी विचारतच नाही.

पळून आलेल्यांना फिलाडेल्फियात मदत करणारा आणि त्यांच्या नोंदी ठेवणारा विल्यम स्टिल तर इथलाच, १८२१ मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन काउंटीत जन्मलेला. त्याच्या जन्माआधी त्याची आई सिडनी मेरीलँडमधून चार लेकरांना घेऊन पळाली आणि पकडली गेली. दुसऱ्यांदा निघताना चौघांना नेणं शक्यच नव्हतं, मग तिने दोन मुली बरोबर घेतल्या आणि लेव्हिन आणि पीटर या झोपलेल्या मुलांचा पापा घेऊन निघाली. ते दोघं दक्षिणेत विकले गेले. लेव्हिन तिकडेच वारला. पीटर चाळीसेक वर्षांनी स्वतःची किंमत मोजून सुटला आणि १८५० मध्ये आईवडिलांना शोधत फिलाडेल्फियाच्या गुलामगिरीविरोधी सोसायटीच्या ऑफिसात आला. तिथला क्लार्क त्याची हकिकत ऐकत होता, आईवडिलांची नावं ऐकली आणि हादरलाच, कारण समोर बसलेला माणूस त्याचा सख्खा भाऊ होता, आयुष्यात कधी न पाहिलेला. तो क्लार्क म्हणजे विल्यम.

म्हणून तर तो येणाऱ्या प्रत्येकाची नोंद इतकी जपून ठेवायचा. नाव, वय, कुणाच्या मालकीचा होता, मागे कोण राहिलं, आता नवीन नाव काय घेतलं. हे कागद सापडले असते तर कितीतरी जण परत पकडले गेले असते, तरी त्याने ते लपवून सांभाळले आणि १८७२ मध्ये पुस्तक छापलं. कारण उद्या कुणी आपलं माणूस शोधत आलं तर ते सापडायला हवं.

आणि काही शाळांत अजूनही दिवे घालवून मुलांना पळायला लावतात, कुणीतरी मोठं माणूस गुलाम पकडणारा होतं. हे बंदच व्हायला हवं. वर्गातल्या काळ्या मुलाने त्या पकडापकडीत नक्की काय शिकायचं?

आपल्यातले काही जण म्हणतात, आपला काय संबंध. अहो, जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलं ते पहिलं पान उघडून बघा, तिकडची गुलामी संपवायला झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना! पुण्यात बसून त्यांना संबंध दिसला होता, आपली पोरं तर इथे त्याच वर्गात बसतात.

कादंबऱ्या काढून टाका असं मी म्हणत नाहीये, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या काळात शिरायला गोष्टच लागते. फक्त तिच्याशेजारी स्टिलच्या नोंदींचं एखादं पान ठेवा, आणि मुलांना ते झेपणार नाही असं धरून चालू नका. सिडनीची हकिकत मी घरी सांगितली तेव्हा लेकीचा पहिला प्रश्न होता, सकाळी उठल्यावर त्या मुलांना कोणी सांगितलं?

स्टिलचं पुस्तक नेटवर फुकट आहे. मी त्यातली चारेक पानं निवडून तिच्या टीचरना पाठवतेय. कुणाच्या शाळेत आधीच असं काही वाचून घेत असतील तर कॉमेंटमध्ये सांगा, कुठल्या इयत्तेत आणि कसं, मला खरंच हवंय.