ती खोली मस्त नव्हती

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला. फुटबॉलपटू फारा विल्यम्सचा फोटो, इंग्लंडची पांढरी जर्सी, खाली लाल ठसठशीत अक्षरं: फुटपाथवर झोपली, पण देशासाठी खेळली, परिस्थितीला दोष देऊ नका! आणि त्याखाली माझ्या भाचीला टॅग. पोरगी पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतेय. घरमालकानं दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलीय, म्हणून काल ग्रुपवर विचारत होती की कुणाच्या ओळखीत कॉट बेसिसवर जागा मिळेल का. तिला आपल्या माणसांकडून मिळालेलं उत्तर हे. वर बारा अंगठे.

काका, फारा विल्यम्स मला तुमच्याआधीपासून माहितीय. आणि तिच्या गोष्टीचा तुम्ही जो अर्थ काढलात तो साफ उलटा आहे.

ही लंडनची मुलगी. मिडफिल्डर. सतराव्या वर्षी, २००१ साली, पोर्तुगालविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरली. त्याच सुमारास घरातल्या भांडणामुळे घराबाहेर पडली आणि पुढची सहा-सात वर्षं तिला स्वतःचं घर नव्हतं. हॉस्टेलं, आणि कधी कधी सरळ रस्ता. म्हणजे राष्ट्रीय संघाचं शिबिर, तिथलं हॉटेल, स्वच्छ चादरी, आणि शिबिर संपलं की बॅग उचलून पुन्हा बेघरांच्या हॉस्टेलवर. बरोबर खेळणाऱ्या बहुतेकींना पत्ताच नव्हता. ती सांगायचीच नाही.

सांगायची नाही, हे मला फार नीट कळतं.

सप्टेंबर २००८. मी शिकायला लिव्हरपूलला गेले. खोलीचं डिपॉझिट इथूनच पाठवलं होतं. दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर पोहोचले तर दार उघडणाऱ्या माणसानं मान हलवली, इथे कुठली खोली भाड्याने नाही. फोन बंद. रात्रीचे नऊ. मग स्टेशनजवळच्या रात्रभर उघड्या असणाऱ्या एका बर्गरच्या दुकानात एका चहावर सकाळपर्यंत बसले. बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून. मधे आईचा फोन आला. म्हटलं, "खोली मस्त आहे गं, खिडकीतून झाड दिसतं." झाड! कुठून सुचलं देव जाणे.

एक रात्र हो काका. एकच. आणि त्या एका रात्रीनं मला काय घडवलं सांगू? काहीही नाही. पुढचे तीन महिने झोपताना दाराला खुर्ची लावायची सवय लागली, तेवढंच.

आता तुमच्या फॉरवर्डमध्ये नसलेला भाग ऐका. फारा २००४ मध्ये लिव्हरपूल शहरातल्याच एव्हर्टन क्लबकडे गेली. तिथल्या प्रशिक्षक मो मार्ली. या बाईंनी तिला परिस्थितीशी झगड म्हणून सुविचार नाही पाठवला. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या कामात, मुलांना फुटबॉल शिकवायची नोकरी मिळायला मदत केली, राहायची सोय बघितली. पगार, किल्ली, दार. त्यानंतरची फारा बघा. एव्हर्टनकडून २००८ चा लीग कप, २०१० चा एफए कप, असे दोन करंडक. मग लिव्हरपूल क्लबकडून २०१३ आणि २०१४, लागोपाठ दोन लीग विजेतेपदं. छप्पर मिळाल्यावर खेळ बहरला. इतकं साधं आहे.

हो, फुटबॉलनंच तिला त्या वर्षांत तगवलं, असं ती स्वतः सांगते. मान्य. पण तगणं वेगळं.

आणि परिस्थिती म्हणजे काय आकाशातून पडते का? १९२० साली याच एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला त्रेपन्न हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी असोसिएशननं बायकांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली. फुटबॉल म्हणे बायकांना शोभत नाही! ती बंदी पन्नासेक वर्षं टिकली. राष्ट्रीय संघातल्या सतरा जणींना असोसिएशननं वर्षाला सोळा हजार पौंडांचे करार दिले ते थेट २००९ मध्ये. म्हणजे फारा हॉस्टेलवर राहून देशासाठी खेळत होती तेव्हा तोही पैसा नव्हता. त्या वेळी परिस्थितीला दोष द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा, त्या सतरा वर्षांच्या पोरीला?

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

२०१५ च्या वर्ल्ड कपबद्दल सांगते, कारण ते सांगताना मला बरं वाटतं. कॅनडात एडमंटनला उपांत्य सामना जपानशी. एक-एक बरोबरी, इंग्लंडचा तो गोल फाराचाच, पेनल्टीवर. आणि अगदी शेवटी इंग्लंडच्याच लॉरा बॅसेटच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात. ती रडत होती ते आठवलं की अजून पोटात कालवतं. तीनच दिवसांनी तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनी. बायकांच्या फुटबॉलमध्ये इंग्लंडनं जर्मनीला तोवर एकदाही हरवलं नव्हतं. जादा वेळेत पेनल्टी मिळाली. फारा आली, मारली, आत. एक-शून्य, ब्राँझ. मी पहाटे सोफ्यावर एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते.

२०२१ ला निवृत्त झाली तेव्हा तिचे इंग्लंडकडून १७२ सामने झाले होते. इंग्लंडच्या कुठल्या पुरुषानंही इतके खेळलेले नाहीत. पुरुषांत सगळ्यात जास्त गोलकीपर पीटर शिल्टनचे, १२५. काका, हे टाका की लाल अक्षरांत. तिचा शेवटचा क्लब रेडिंग. २०२४ मध्ये पैसे परवडेनात म्हणून त्यांनी आपला महिला संघ थेट लीगच्या पाचव्या पायरीवर खाली नेला. यावर कुणी सुविचार बनवला नाही.

मला त्या रात्रीनंतर वर्गातल्या एका मुलीच्या आईनं आठवडाभर ठेवून घेतलं. बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. अडगळीच्या खोलीतली शिवणाची मशीन सरकवली, गादी टाकली आणि टॉवेल कुठे आहेत ते दाखवलं.

भाचीला मी मघाशीच फोन केला. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावरची पुस्तकं उचललीत. उद्या येतेय ती, महिना लागो की सहा महिने.

आणि आई, तू हे वाचशील, तू माझं सगळं वाचतेस. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, कारण खोलीच नव्हती. तू बॅगेत दिलेले लाडू मात्र मी खरंच संपवले होते, त्याच रात्री.