हॉलमधली ओल

परवा दुपारी एका माणसाने आमच्या हॉलमधल्या कमळाची पाकळी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाडली, ती माझ्याच तळहातावर ठेवली आणि डॉक्टर वाईट बातमी देतात त्या आवाजात म्हणाला, "बघा ताई. पोपडा."

पोपडा! चार दिवस मान मोडून काढलेली पाकळी होती ती.

काम सोपं असतं, असं व्हिडिओतली बाई म्हणाली होती. तीनेक मिलिमीटर जाडीचं स्टेन्सिल कागदी टेपने भिंतीला चिकटवायचं, वरून पुट्टी पत्र्याने सपाट ओढायची आणि पुट्टी ओली असतानाच स्टेन्सिल सरळ उचलायचं. झाली उठावाची नक्षी. त्या बाईने हे पांढऱ्या कुर्त्यात केलं. मी जुन्या गाऊनमध्ये केलं, तरी गाऊन गेला तो गेलाच.

त्यातही पहिली चूक दुकानातच झाली. "पुट्टी देऊ की पीओपी?" असं दुकानदाराने विचारलं आणि मी ऐटीत पीओपी म्हणाले. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवतात, तेव्हा पीओपी होतं. आपण पाणी घातलं की ते गेलेलं पाणी परत पिऊन घेतं आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड होतं. नेमका तेव्हा बहिणीचा फोन आला. आमच्या बहिणीचं "बाकी काय?" सुद्धा पंधरा मिनिटांत येत नाही. फोन ठेवला तेव्हा श्रीखंडाच्या डब्यात उलथणं उभं रोवलेलं होतं. ते अजून गॅलरीत तसंच आहे. मावशी रोज विचारतात, "हे घासायचं का?"

मग पुट्टी आणली. नऊ कमळं, तीन रांगा. दुसऱ्या कमळाच्या वेळी स्टेन्सिलची पाठ पुसायची राहिली, म्हणून त्याचा थोडा कोबी झाला. पण त्याच्यापुढे सोफ्याची पाठ येते.

आता बाथरूमकडे येते. आमच्या बाथरूमचं छत दोन वर्षं गळतंय. डोंबिवलीचा पाऊस, वरच्यांचं बाथरूम आणि आमचं डोकं, असा सरळ उभा मामला आहे. कमिटीला तीन पत्रं दिली. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला "नोंद घेतली" आलं, तिसऱ्यानंतर सेक्रेटरी जिन्यात दिसले की मोबाइल कानाला लावायला लागले. अखेर परवा कमिटीने वॉटरप्रूफिंगचा माणूस पाठवला. पाठीला पिशवी, कानावर पेन्सिल. मी दार उघडून "या, बाथरूम इकडे" म्हणेपर्यंत तो हॉलच्या भिंतीपुढे थबकला होता.

"अरे बापरे! ताई, हे कधीपासून?"

"रविवारपासून," मी जरा लाजूनच म्हणाले. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"एवढ्या झपाट्याने?" त्याने शीळ घातली. "आणि तुम्ही राहताय इथे?"

"अहो, ती ओल नाही. डिझाइन आहे. मी केलंय."

त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "ताई, पाणी पण डिझाइन काढतं. कल्याणला एका घरात भिंतीवर हुबेहूब गणपती उमटला होता. लोक हार घालायला लागले होते. खरवडताना आमच्या पोरांनी आधी नमस्कार केला."

"पण नऊच्या नऊ सारखी कशी उमटतील? ओळीत?"

"आत सळया असतात ना. समान अंतरावर." कानावरची पेन्सिल काढून त्याने एका कमळावरून दुसऱ्यावर हवेत रेघा ओढल्या. मीही क्षणभर सळया बघायला लागले. खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं माझ्या म्हणण्यापेक्षा जास्त पटण्यासारखं होतं.

मग त्याने पिशवीतून पुढे दोन सुया असलेलं मशीन काढलं आणि नवव्या कमळाच्या गाभ्यात खुपसलं. मशीन किंचाळलं.

"अहो, ते आज सकाळीच लावलंय! ओलं असणारच!"

"तेच म्हणतोय मी. ओलं आहे."

यावर काय बोलणार? तोवर तो तिसऱ्या कमळाकडे वळून मुठीने ठोकायला लागला होता. "पोकळ वाजतंय," म्हणाला, आणि पाकळी पडली. ती का पडली हे मला ठाऊक होतं. जुन्या ऑइल पेंटला पॉलिश पेपर मारून खरखरीत करून घ्यायचं असतं, नाहीतर पुट्टी धरत नाही. मी कंटाळा केला होता. पण हे त्याला सांगण्यापेक्षा मी पोपडा पत्करला.

वारली बायका लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, त्यांना कुणी सुया टोचायला येत नाही. त्याच चित्रकलेसाठी जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. मला अडतीस हजारांचं कोटेशन मिळालं. कच्छच्या लिंपणकामासारखे मधेमधे आरसे बसवले असते तर वाचले असते. निदान आरसे ओलीने उमटत नाहीत. पण या माणसाचा नेम नाही. त्याने सळयांची चकाकी बाहेर आली म्हणून सांगितलं असतं.

"आता बाथरूम बघता का?" मी म्हटलं.

बाथरूममध्ये तो उभा राहिला. टप्. त्याच्या टकलावर थेंब पडला. त्याने तो रुमालाने पुसला आणि वर बघितलं.

"टाइल्सवर मशीन चालत नाही, ताई. सुया जात नाहीत."

"मशीन राहू द्या. तुमच्या डोक्यावर पडलं ते काय होतं?"

"वाफ," तो म्हणाला. "गरम पाण्याने आंघोळ करता ना? खिडकी उघडी ठेवत जा."

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर रिपोर्ट आला. हॉल: तीव्र ओल. बाथरूम: समाधानकारक. खाली वरच्या वहिनींनी हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं होतं की त्यांचं बाथरूम आमच्या हॉलवर येतच नाही, तेव्हा त्यांचा संबंध नाही. सतरा जणांनी त्याला अंगठा दिला. या सतरांपैकी सहाजण दर पावसाळ्यात माझ्याकडे येऊन स्वतःच्या गळतीचं रडगाणं गातात, माझा चहा पितात, आणि "तुम्ही पत्र द्या, आम्ही आहोत मागे" म्हणतात. फार मागे असतात.

सकाळी शेजारच्या काकू बघायला आल्या. आजाऱ्याला भेटायला येतात तशा, हातात डबा घेऊन. भिंतीपासून चार हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, "बाई गं, कोबीएवढा झालाय की हा एक." सोफा आदल्या दिवशी त्या माणसानेच पुढे सरकवला होता.

अकराच्या सुमारास चेअरमनना जिन्यात गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई," म्हणाले, "आधी तुमची हॉलची ओल काढून टाका, मग तुमच्या बाथरूमचं मीटिंगमध्ये घेऊ. एका फ्लॅटचे दोन विषय एकदम घेता येत नाहीत."

दुपारी पॉलिश पेपर आणला आणि तिसऱ्या कमळाची उघडी पडलेली जागा हाताला खरखर लागेपर्यंत घासली. मग पाकळीपुरती पुट्टी वाटीत काढली. कालवायला पाणी बाथरूममधल्या बादलीतून घेतलं. सकाळी रिकामी करून ठेवली होती, काठोकाठ भरली होती.