‘वेळेचा घोळ’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची संध्याकाळ मनासारखी गेली नाही, मुलगा हिरमुसला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. घरच्यांना घेऊन हौसेने गळ टाकायला आलेला माणूस नाराज होऊन परत जावा, असं आम्हालाही वाटत नाही. मासा लागेलच असं आम्ही कुणालाच कबूल करत नाही, बुकिंगच्या मेसेजातही तसं लिहिलेलं असतं. पण ते असो.

दोन तारे दिलेत, त्याचंही एवढं नाही. लागलं ते वेळेचं. तुम्ही लिहिलंय, ‘पाचची वेळ देऊन पावणेसातला गळ पाण्यात पडला आणि मासे लागायला लागले तसं साडेआठला आवरायला लावलं. माझ्या मेहुण्यांना मात्र दोनच दिवसांनी पावणेसातला बोलावलं आणि दहापर्यंत बसू दिलं. ओळखीच्यांना वेगळा न्याय.’

सर, तुमच्या मेहुण्यांना आम्ही त्या दिवसाआधी कधी पाहिलंही नव्हतं. आणि वेळ आम्ही ठरवत नाही, समुद्र ठरवतो. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. तुमच्या दिवशी पाणी पूर्ण भरलं संध्याकाळी साडेसातला. मेहुणे आले त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी. किनाऱ्यावरून गळ टाकायचा तर भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि नंतरचा एक, एवढाच वेळ खरा कामाचा. पाणी चढतं तसं ते दुपारी उघड्या पडलेल्या वाळूवर येतं, त्यातले किडे आणि बारीक खेकडे खायला मासे मागोमाग आत शिरतात. म्हणून तुमचा गळ साडेपाचला पाण्यात पडायला हवा होता. त्याआधी अर्धा तास रॉड जोडणं, शिसं बांधणं, आमिष लावणं. झाले पाच. मेहुण्यांचं गणितही हेच, आणि त्यांना आवरायला सांगितलं तेही भरती झाल्यावर तासाभरानेच. तुम्हालाही तासाभरानेच. दोन्ही दिवसांचं भरतीचं कोष्टक कुणालाही बघता येतं, पडताळून घ्या.

तुम्ही पोचलात सहा वीसला. रस्त्यात गर्दी लागली असेल, आम्ही त्या वेळी चकार शब्द काढला नाही, आणि आत्ताही काढला नसता. पण अभिप्रायात ‘पावणेसातला गळ पडला’ एवढंच आलं, सहा वीस आलं नाही. वाचणाऱ्याला वाटणार की तुम्ही पाचपासून ताटकळत उभे होतात आणि आमची माणसं चहा पीत होती.

उशिरा आल्यामुळे झालं असं, की चढत्या पाण्याचा जेमतेम अर्धा तास तुमच्या वाट्याला आला. सव्वासातपासून पावणेआठपर्यंत पाणी भरून थबकलेलं असतं, ओढ नसते, दोर नुसता सैल पडून राहतो. ‘अर्धा तास काहीच हाललं नाही’ असं जे लिहिलंय ते याच वेळेचं. त्यातून दशमी, म्हणजे भांगाचे, पाण्याला जोर कमी असण्याचे दिवस. उधाण असतं अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, तेव्हा पाण्याला जोर असतो. फोनवर हे सांगितलं होतं, पण तुम्हाला शनिवारच हवा होता. त्यात काही चूक नाही, सुट्टी बघूनच लोक येणार.

आठनंतर ओहोटीचं पाणी हललं आणि आठ दहाला पहिला झटका बसला, हे खरं. अजून अर्धा तास थांबलो असतो तर कदाचित आणखी एखादा लागला असता, तेही मान्य. पण आपण ज्या खळग्यात गळ टाकत होतो, म्हणजे दोन वाळूच्या बांधांमधला तो काळसर पट्टा, जिथे लाट फुटत नाही, तिथूनच उतरणारं पाणी आत ओढ घेतं. अंधारात गुडघाभर पाण्यात आठ-नऊ वर्षांचं पोर उभं असताना मी थांबणार नाही. तारे शून्य झाले तरी चालेल.

आता ‘मुलाच्या हातातून मासा हिसकावून घेतला’ हे. तो शिंगाळा होता, सर. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे, दातेरी, विषारी. मासा घाबरला की ते ताठ करतो आणि मग ते सहज मिटत नाहीत. तुमचा मुलगा आनंदाने त्याला मुठीत धरायला गेला. समजावत बसायला वेळ नव्हता, आमच्या पोराने ओल्या फडक्यात मासा धरला आणि पक्कडीने गळ काढला. तो काटा तळहातात गेला असता तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून बसावं लागलं असतं, आणि वर दवाखाना वेगळाच. आवाज चढला असेल त्याचा. त्याच्याशी बोललो आहे.

बाकीचं थोडक्यात. मोबाइलचा उजेड पाण्यावर मारू नका म्हटलं ते उथळ पाण्यातले मासे बुजतात म्हणून, उद्धटपणा म्हणून नाही. ‘लांब फेकूच दिलं नाही’ असंही आहे. खळगा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होता, तुमचे बरेचसे गळ त्याच्या पलीकडे जाऊन पडत होते. आणि दर दोन मिनिटांनी दोर गुंडाळून बघितला तर आमिष पाण्यात राहणार कधी? (हे सगळ्यांचंच होतं, सुरुवातीला माझंही व्हायचं.)

पूर्ण पैसे घेतल्याचं लिहिलंत. रॉड, आमिष, दोन माणसं पाचपासून तिथे होती, त्यामुळे अर्धे परत करता येणार नाहीत. पुढच्या वेळी उधाणाचे दिवस बघून आलात तर काहीतरी नक्की जमवू. मेसेजात भरतीची वेळ आता वरच टाकणार आहोत, आणि मुलांसाठीही काही वेगळं करता येईल का ते बघतो.

एवढं लांबण लावलं कारण हा अभिप्राय आल्यापासून ज्याचा फोन येतो तो आधी ‘वेळ पाळता ना?’ असंच विचारतो. आमचं घर याच्यावर चालतं. मासे मिळाले नाहीत, मजा आली नाही, हे सगळं खुशाल राहू द्या, तो तुमचा हक्क आहे. मेहुण्यांचं वाक्य तेवढं काढा, ही विनंती.