‘लाल डॉगवुड लावू नका’ या फॉरवर्डबद्दल

मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीकडच्या बागकामाच्या ग्रुपांत एक फॉरवर्ड फिरतोय. परसातल्या ओल्या कोपऱ्यात रेड ओझिअर डॉगवुड (इथलंच मूळचं, लाल फांद्यांचं झुडूप) लावू नका म्हणे: डास होतात, फळं विषारी, झुडूप बाग गिळतं आणि हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात.

आधी डास. त्यांच्या अळ्यांना आठवडाभर तरी साचून राहिलेलं पाणी लागतं. ते साचतं उतार चुकल्यामुळे. हे झुडूप तिथे तग धरतं आणि मुळांनी माती बांधून ठेवतं, एवढंच. ओढ्याकाठची धूप थांबवायला पालवी फुटायच्या आधी याच्या काड्या कापून थेट ओल्या काठात खोचतात. त्यांनाच मुळं फुटतात. छपराचं पाणी साठवायचा पिंप उघडा ठेवायचा आणि खापर झुडपावर फोडायचं, हे काही खरं नाही.

‘विषारी’ तर साफ चूक. फळं पांढरी, कडवट. आपल्याला आवडणार नाहीत. पण ब्रिटिश कोलंबियातले काही मूलनिवासी समाज ती सर्व्हिसबेरी नावाच्या गोड फळांत मिसळून खात आले आहेत. आणि खरे गिऱ्हाईक पक्षी. उन्हाळा सरताना फळं पिकतात, तेव्हाच रॉबिन, कॅटबर्ड दक्षिणेकडे निघायच्या तयारीत असतात. फळांतली चरबी त्या प्रवासाला कामी येते. त्याआधी, फुलोऱ्याच्या दिवसांत, स्प्रिंग अझ्युर या निळ्या फुलपाखराच्या अळ्या कळ्या खातात. जमिनीत बीळ करणाऱ्या काही एकांड्या मधमाश्या तर पिल्लांसाठी डॉगवुड कुळाचेच पराग गोळा करतात. शोभेच्या परदेशी झुडपाकडून एवढं मिळणं कठीण.

पसरण्याचा मुद्दा मात्र मान्य. सहा ते नऊ फूट उंची, तेवढाच घेर, आणि जमिनीला टेकलेली फांदी मूळ धरते. टाउनहाउसच्या चिंचोळ्या पट्टीत लावूच नका, किंवा दोन-अडीच फुटांची बुटकी जात घ्या.

काड्यांचं म्हणाल तर बर्फात त्या लालभडक दिसतात, लोक लावतात तेच त्यासाठी. रंग कोवळ्या फांद्यांवर असतो. म्हणून दर वर्षी वसंताच्या सुरुवातीला सगळ्यात जुन्या एक तृतीयांश फांद्या बुडापासून काढायच्या. वरून गोल भादरलं की आत तपकिरी जुनं लाकूडच राहतं.

फॉरवर्डात हरणांचा उल्लेखच नाही, आणि खरी अडचण तीच! कोवळे शेंडे ती आवडीने खातात. पहिली काही वर्षं जाळी लावा.

अटलांटाकडच्या उकाड्यात हे झुडूप रडत जगतं, पानांवर डाग पडतात. तिकडच्यांनी ओल्या जागेसाठी सिल्की डॉगवुड बघावं. ते मूळ तिकडचंच आहे, फळं निळी.