मोन्सल ट्रेल आणि आमची शकुंतला

गेल्या रविवारी मोन्सल ट्रेलवर, म्हणजे इंग्लंडमधल्या बंद रेल्वेलाइनवर केलेल्या वाटेवर, सायकल फिरवली आणि नेहमीची चूक केली, बोगद्यातले फोटो घरच्या ग्रुपवर टाकून वर लिहिलं की आपल्या शकुंतलेचं, म्हणजे विदर्भातल्या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीच्या लाइनचं, पण असंच करा ना! मूर्तिजापूरच्या मामाचा रिप्लाय दोन मिनिटांत, "काऊन बे, तुले सायकल पाहिजे, आमाले गाडी पाहिजे."

ही डर्बीशरमधली जुनी मिडलँड रेल्वेची लाइन, 1863 ची, म्हणजे आपल्या बोरघाटातली रेल्वे सुरू झाली त्याच वर्षीची. 1968 ला बंद केली, रूळ उचलले, 1981 ला नॅशनल पार्कने ट्रेल केला पण मोठे बोगदे बंदच होते, ते 2011 ला उघडून आत लाइट लावले. साडेआठ मैल, जवळपास सपाट, कारण वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही आणि त्याचा फायदा आता माझ्यासारख्या पोट सुटलेल्यांना. हेडस्टोन बोगदा पाचशे मीटरला थोडा कमी, आत उन्हाळ्यात पण गारठा, आणि बाहेर पडलात की थेट पुलावर, खाली वाय नदी. दरीचं वाटोळं केलं म्हणून तेव्हाचा लेखक जॉन रस्किन या लाइनवर भयंकर चिडला होता, आता त्याच पुलाचे फोटो काढायला झुंबड असते.

पण ट्रेलवरच्या बेकवेल गावाला आज ट्रेन नाही. लोक ट्रेलवर येतात ते कारने, हॅसॉपच्या जुन्या स्टेशनवर पार्किंग शोधत, मीही त्यातलाच. आणि लाइन परत सुरू करा म्हणणारे इथेही आहेतच!

म्हणून मामाचं पटलं. दर्यापूर, कारंजा, यवतमाळ या पट्ट्यात शकुंतला म्हणजे एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त तिकीट होतं, टुरिझम नव्हे, तिथे ब्रॉडगेजच पाहिजे. ट्रेल करायचाच तर खंडाळ्याला करा ना, घाटात गाडी जिथे उलट दिशेने फिरवायचे त्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची वाट 1929 पासून मोकळी आहे, शेजारून पुण्याच्या गाड्या धावतायत, कुणाचं काही जात नाही. शकुंतलेची जमीन मात्र सलग ठेवा, तुकडे पडले, कुणी घर बांधलं, कुणी शेत सरकवलं की गाडीही गेली आणि सायकलही. इथे निदान पट्टा अखंड राहिला म्हणून लोकांना भांडायला तरी काहीतरी उरलंय.

हे सगळं टाइप करून मामाला पाठवलं. निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग.

"पार्किंगचे किती घेतले रे?"